गणपतीनंतर बघू

पद्माकर खांबेट्यांना आधी चूक दिसते, मग माणूस. लिफ्टमधल्या नोटिशीत तारीख सत्तावीस आणि वार गुरुवार, प्रत्यक्षात सत्तावीसला बुधवार, हे सिंगापुरातल्या पासिर रिसच्या त्यांच्या अख्ख्या ब्लॉकमध्ये फक्त त्यांच्याच लक्षात येतं. कुणाच्या मुंजीची पत्रिका हातात पडली की अभिनंदनाच्या आधी खिशातलं लाल पेन बाहेर येतं. सकाळची बस चार मिनिटं उशिरा आली तर हा गृहस्थ त्याच बसमध्ये बसून तक्रारीची मेल लिहितो, आणि बसवाल्यांनी माफी मागितली की त्या माफीतली चूक काढून परत पाठवतो. तिथल्या मराठी मंडळात त्यांना मागून ‘चेकर’ म्हणतात. आता पुढूनही म्हणतात, कारण त्यांना ती पदवीच वाटते.

अशा माणसाशी पस्तीस वर्षं संसार करणं म्हणजे काय, ते अरुणाबाईंना विचारा. आमटी वाढली की पहिला घास घेऊन खांबेटे क्षणभर थांबतात. ते थांबणंच वाईट. “अहो, ब्रह्मदेवाने सृष्टी केली तेव्हा तुम्हाला तपासायला बोलवायला हवं होतं,” असं त्या म्हणतात, आणि मिठाचा डबा त्यांच्यासमोर आदळतात.

खांबेटे मूळचे चिंचवडचे. सत्त्याण्णव साली सिंगापूरला आले, पीआर म्हणजे कायमचे रहिवासी झाले, पुढे नागरिक झाले. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका कंपनीत गेली अठरा वर्षं आहेत. वय बासष्ट. येत्या जानेवारीत त्रेसष्ट पुरे होतील, आणि मग कंपनीने री-एम्प्लॉयमेंटचं पत्र दिलं तर पुढे काम, नाहीतर निरोपाचा केक. मुलगी गार्गी युनिव्हर्सिटीच्या शेवटच्या वर्षाला, तेव्हा पत्र हवं होतं. हवं होतं म्हणजे काय, नितांत हवं होतं.

कंपनीचं काम ऐकायला भारी आणि करायला कंटाळवाणं. युरोपात एक निधी आहे, मागास भागांना मदत देणारा. कोणता भाग मागास आणि कोणता पुढे गेलेला, हे ठरवायला त्याला प्रत्येक तालुक्याचे गुण लागतात. ते गुण खांबेट्यांची टीम काढते. नियम साधा आहे. एकाने आकडा भरायचा, तो मेकर. दुसऱ्याने तो तपासून मान्य करायचा, तो चेकर. एकाच माणसाने दोन्ही करायचं नाही. हे खांबेटे नव्या पोरांना इतक्या वेळा सांगत की पोरं पाठीमागे त्यांची नक्कल करत.

आता ऐका, या माणसाचं काय झालं ते.

गेल्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, स्लोव्हाकियाहून एक बाई तीन दिवसांच्या ट्रेनिंगला आल्या. नाव इल्दिको. पन्नाशीच्या, उंच, ओठ घट्ट मिटून बसणाऱ्या. देश स्लोव्हाकिया, पण भाषा हंगेरियन. शंभरएक वर्षांपूर्वी सरहद्द उचलून दुसरीकडे ठेवली आणि माणसं होती तिथेच राहिली, असला प्रकार. त्यांच्या तालुक्याचं छोटं विकास कार्यालय त्या चालवत. मेलवरून टीम त्यांना ओळखत होती, आणि खरं सांगायचं तर वैतागलेली होती. कारण दरवर्षी गुण जाहीर झाले की या बाईंची मेल हजर: आमच्या तालुक्याचा आकडा चुकीचा आहे, आम्ही श्रीमंत नाही. आणि दरवर्षी टीमचं उत्तर ठरलेलं: नोंद घेतली, पद्धत मान्यताप्राप्त आहे.

गुरुवारी त्यांना जेवायला कोण नेणार? अर्ध्या टीमचं चित्त पुण्याच्या विमानात. शेवटी खांबेटे उठले, एक्स्पो स्टेशनहून एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, पकडली आणि बाईंना लिटिल इंडियात थाळी खायला घेऊन गेले. बोलणं अर्थात इंग्रजीत झालं, पण आपण आपल्या भाषेत ऐकू.

“मिस्टर खांबेटे, एक विचारू?” पापड मोडता मोडता बाई म्हणाल्या. “आमच्या तालुक्याचा आकडा तुम्हाला कोण पाठवतं?”

“तुमचं तिथलं कार्यालय पाठवत असणार.”

“ते कार्यालय म्हणजे मी. आणि मी बारा वर्षांत एकही आकडा पाठवलेला नाही. मोजणारी माणसंच काढून टाकली, मोजणार कोण? तरी तुम्ही दरवर्षी आमचा आकडा छापता. दशांश चिन्हासकट.”

खांबेटे हसले. अशा तक्रारी त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. “दुसरा काही स्रोत असेल.”

“आहे ना.” बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. टीमच्याच तक्त्याची प्रत. “स्रोताच्या रकान्यात हे लिहिलंय. कोणता अहवाल आहे हा? मी पाच वेळा प्रत मागितली. तुमच्या ऑफिसने कळवलं, अंतर्गत स्रोत आहे, देता येत नाही.”

खांबेट्यांनी चष्मा वर केला आणि वाचलं. रोमन अक्षरांत, नीट, कॅपिटलमध्ये लिहिलं होतं: GANPATI NANTAR BAGHU.

हातातली पुरी हातातच राहिली.

अहो, ते त्यांनीच लिहिलं होतं! स्वतः, दोन हजार तेराच्या सप्टेंबरात. गणपतीच्या आधीचा शुक्रवार. चेकर होता संजीव, तो सकाळच्याच विमानाने पुण्याला. बाकीची टीम एकतर पुण्याला, नाहीतर दादरला. ही आपल्या लोकांची तऱ्हा. ख्रिसमसला ऑफिसमध्ये आपण बसतो आणि गणपतीला ऑफिसमध्ये कुत्रं नसतं. मंडळाच्या मखराची जबाबदारी खांबेट्यांवर, साडेपाचला पोचायचं, आणि तक्त्यात काही तालुक्यांचे रकाने रिकामे. पाचला तक्ता जायचा होता. तेव्हा या चोख माणसाने काय केलं? एक नियम लिहिला: तालुक्याचा आकडा नसेल तर अख्ख्या जिल्ह्याची सरासरी भरावी. स्रोतात लिहिलं, गणपतीनंतर बघू. मेकर म्हणून स्वतः भरला, आणि संजीव नाही म्हणून चेकर म्हणूनही स्वतःच मान्य केला. मग टॅक्सी करून मखर लावायला गेले.

गणपतीनंतर दिवाळी आली. दिवाळीनंतर मार्च. मग कुणाच्या ध्यानात राहतंय? नियम आपला चालू. दरवर्षी गुपचूप रकाने भरत राहिला.

“तुमच्या जिल्ह्यात मोठा कारखाना आहे ना?” खांबेट्यांनी विचारलं.

“आहे की. मोटारींचा. जिल्ह्याच्या वरच्या टोकाला, आमच्यापासून साठ किलोमीटर. हायवेही तिकडेच, नोकऱ्याही तिकडेच. आम्ही खाली, नदीच्या बाजूला. आमच्याकडे मका आणि भाज्या डबाबंद करणारा, आता बंद पडलेला कॅनिंगचा कारखाना. तरणी माणसं नदी ओलांडून हंगेरीत गोदामात कामाला जातात, नाहीतर ऑस्ट्रियात. तुम्ही तुमच्या नकाशात बघा, हंगेरियन बोलणारे लोक जिथे जिथे राहतात, हंगेरीत, आमच्याकडे, रोमेनियात, तिथे एकच गोष्ट दिसेल. राजधानीभोवती आणि पश्चिमेच्या रस्त्यालगत भरभराट, आणि कडेला शुकशुकाट. आणि आम्ही सगळीकडे कडेला.”

खांबेटे हिशेबाचे पक्के. त्यांना लगेच दिसलं. उद्या कुणी सिंगापूर आणि खाडीपलीकडच्या मलेशियातल्या जोहोर बाहरूची सरासरी काढली आणि रोज पहाटे इकडे कामाला येण्यासाठी कॉजवेच्या पुलावर मोटरसायकल घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला सांगितलं, की बाबा तू श्रीमंत आहेस, तर तो काय म्हणेल? ते आपण गेली बारा वर्षं सांगत होतो. लाल पेन खिशात ठेवून.

“मला तुमच्याकडून फार काही नको,” बाई म्हणाल्या. “मला एक बस हवीय. पहाटे पाचची. मोटारींच्या कारखान्याची पहिली पाळी सहाला लागते आणि आमच्याकडची पहिली बस सातला निघते. कॅनिंगमधून सुटलेल्या एकशे चाळीस बायका आहेत, कारखाना त्यांना घ्यायला तयार आहे. नोकरी आहे, बाई आहे, मधली बस नाही. निधीकडे बसचे पैसे आहेत. पण मागास तालुक्यांसाठी. आम्ही तुमच्या तक्त्यात ‘वाढता तालुका’ आहोत.”

“रकाना रिकामा असता तर?”

“तर निधीचा माणूस येऊन बघून जातो. नियमच आहे. येऊन बघितलं की पुरे, आम्हाला काही सांगायचीसुद्धा गरज नाही.” बाईंनी कागदाची घडी परत पर्समध्ये ठेवली. “या मंगळवारी यादी बंद होते. पुढची सात वर्षांनी. तोवर त्या बायका साठीला येतील.”

चार मिनिटं बस उशिरा आली म्हणून मेल लिहिणारा माणूस त्या दिवशी एमआरटीत एक अक्षर बोलला नाही. ते वाक्य मराठीत आहे आणि आपणच लिहिलंय, एवढं सांगायचं धाडससुद्धा झालं नाही. लाज वाटली. साठीत लाज वाटण्यासारखं दुसरं दुखणं नाही.

शुक्रवारी खांबेटे यशोधनच्या केबिनमध्ये गेले. यशोधन त्यांचा साहेब, वय पस्तीस, पुण्याचाच. जानेवारीच्या पत्रावर सहीही त्याचीच लागणार होती. नोकरीला लागला तेव्हा खांबेट्यांनीच त्याला मेकर-चेकर शिकवलं होतं. मीटिंगमध्ये तो त्यांना पद्माकर म्हणे, दार लावलं की काका. त्या दिवशी दार लावलेलं होतं आणि कोपऱ्यात त्याची बॅग भरून तयार होती.

खांबेट्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

यशोधनने डोकं धरलं. “काका, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय? बारा वर्षं आपण चुकीचे गुण दिले, हे क्लायंटला सांगायचं?”

“चुकीचे दिले म्हणून सांगायचं. बरोबर दिले असते तर सांगायची गरजच नव्हती.”

“आणि ते म्हणाले, बाकीचे आठशे तालुके पण तपासा, तर? कॉन्ट्रॅक्ट गेलं तर? चाळीस माणसं आहेत या मजल्यावर. निम्मी एम्प्लॉयमेंट पासवर. पास गेला की महिन्याभरात घर आवरून परत. त्यांना काय सांगू, एका तालुक्याला बस हवी होती म्हणून?”

यशोधन वाईट मुलगा नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर भांडता आलं असतं. तो म्हणत होता त्यात तथ्य होतं, आणि त्या तथ्यामागे सगळे आरामात बसले होते.

“निदान त्या एका तालुक्याचा रकाना रिकामा करू दे. मी करतो, तू मान्य कर. यादी मंगळवारी बंद होतेय.”

“उद्या सकाळी माझी फ्लाइट आहे, काका. घरचा दीड दिवसाचा गणपती. असं घाईघाईत नको. नीट बसू, पद्धतीचा फेरविचार करू, पेपर बनवू.” यशोधनने बॅग उचलली आणि सहज, अगदी सहज म्हणाला, “गणपतीनंतर बघू.”

खांबेट्यांना वाटलं, टेबलावरचं पेपरवेट उचलून फेकावं. कुणाच्या डोक्यात, ते मात्र ठरेना. यशोधनच्या, की स्वतःच्या.

शनिवारी त्यांनी घरी सांगितलं. अरुणाबाई गणपतीची भांडी चिंचेने घासत होत्या. सगळं ऐकलं आणि हात न थांबवता म्हणाल्या, “दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. पस्तीस वर्षं माझ्या आमटीतलं मीठ तपासलंत.”

“आता टोमणे मारू नकोस गं.”

“मग काय आरती करू?” मग त्यांनीच तांब्या खाली ठेवला. “तुम्ही काही चोरी केली नाही. पण जे केलंत ते वाईट केलंत. आता काय करणार?”

“करण्यासारखं काही राहिलंय का? यशोधन नाही म्हणतो.”

सोफ्यावर मोबाइलमध्ये डोकं घातलेली गार्गी म्हणाली, “बाबा, यू मेड द मेस, यू फिक्स इट लाह. वाय आस्क हिम?”

“तुझ्या फीचं पत्र त्याच्या टेबलावर आहे म्हणून!” खांबेटे ओरडले. पोरगी उठून आत गेली. तिचं काय चुकलं होतं?

सोमवारी ऑफिस ओस पडलेलं. खांबेटे आणि चैत्राली, दोघंच. चैत्राली टीममधली सगळ्यात नवी, सत्तावीस वर्षांची, नागपूरची. नवी म्हणून तिला रजा मिळाली नव्हती. तिच्याकडे चेकरचा अधिकार होता. खांबेटे दोनदा तिच्या टेबलापर्यंत गेले आणि दोनदा पाणी भरून परत आले. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, “काका, काहीतरी आहे. बोला ना.”

त्यांनी सांगितलं.

“एवढंच ना? तुम्ही रिकामा करा, मी मान्य करते. तुम्ही सांगताय म्हणजे बरोबरच असणार.”

तुम्ही सांगताय म्हणजे बरोबरच असणार! हे ऐकायला खांबेटे आयुष्यभर आसुसलेले होते, आणि त्या क्षणी नेमकं तेच त्यांना नको झालं. “तुझा पास कधी रिन्यू व्हायचाय?” त्यांनी विचारलं.

“ऑक्टोबरमध्ये.”

“मग नाही. तू यात पडायचं नाहीस.”

“पण काका...”

“नाही म्हटलं ना! आणि पुन्हा कुणी सांगतंय म्हणून काही मान्य करू नकोस. मी सांगितलं तरी.”

मंगळवार उजाडला. पाचला यादी बंद होणार. खांबेट्यांनी सकाळपासून यशोधनला चार मेल पाठवल्या, दोन फोन केले. एका मेलला उत्तर आलं: मखर लावतोय, काका, नंतर बोलतो. क्लायंटच्या ऑफिसला फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, तुमच्या टीमच्या प्रमुखांकडून येऊ द्या. पालथ्या घड्यावर पाणी. दुपारी पावणेतीनला ते चैत्रालीला म्हणाले, “जेवायला जा. आणि गेटवर कार्ड लावून जा, म्हणजे तू इथे नव्हतीस हे दिसेल.”

ती गेली. खांबेट्यांनी तक्ता उघडला आणि त्या तालुक्याचा आकडा पुसला. रकाना रिकामा. स्रोतात लिहिलं, माहिती उपलब्ध नाही, आधीचा आकडा अंदाजाने भरला होता, भरणारा पद्माकर खांबेटे. मग सिस्टीमने विचारलं, चेकर कोण?

दोन हजार तेरामध्ये त्यांनी स्वतःला दिलेला दुहेरी अधिकार कुणी कधी काढून घेतलाच नव्हता. गणपतीनंतर काढायचा राहिला होता. चुकीचा आकडा ज्या दारातून आत आला, तेच एक दार उघडं होतं. ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी अठरा वर्षं पोरांची हजेरी घेतली, तीच गोष्ट त्यांनी दुसऱ्यांदा केली. पहिल्यांदा घाईत केली होती, या वेळी समजून उमजून. तीन वाजता मान्य केलं.

युरोपात तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. साइटवर तो रकाना रिकामा दिसू लागला.

पाचला दहा मिनिटं कमी असताना फोन आला. यशोधन. मागे झांजांचा आवाज. “काका, काय केलंत हे! एकाच माणसाने भरून मान्य केलं म्हणून मला अलर्ट आलाय! हात दाखवून अवलक्षण! मी जुना आकडा परत घातलाय.”

“घातलास?”

“घालावाच लागला. नियमबाह्य नोंद आहे ती.”

“आणि तेराची? तीसुद्धा मीच भरली, मीच मान्य केली. ती नियमात कशी?”

“तेव्हा अलर्ट नव्हते,” यशोधन म्हणाला.

घ्या! खोटा आकडा बारा वर्षं सुखाने नांदला. खरा रिकामा रकाना दोन तास टिकला नाही. त्याला हाकलायला पुण्याहून, घरच्या मखरासमोरून माणूस धावला. याला म्हणतात तत्परता.

“ऐका, काका,” यशोधन खालच्या आवाजात म्हणाला, “परवा दहाला एचआरची मीटिंग आहे. मी त्यांना सांगितलंय, वय झालंय, चुकून बटण दाबलं गेलं. तुम्ही तसं एका ओळीत लिहून द्या. विषय संपला. तुमचं री-एम्प्लॉयमेंटचं पत्र तसंच राहील. हे मी तुमच्यासाठी करतोय.”

आणि तो खरंच त्यांच्यासाठी करत होता.

बुधवारी गणपती बसले. खांबेट्यांनी पूजा केली ती इतक्या सुतकी चेहऱ्याने, की अरुणाबाईंनी दोनदा कोपर मारलं. चुकून बटण दाबलं गेलं. वय झालंय. ज्या माणसाने आयुष्यात एक बटण चुकून दाबलं नव्हतं, त्याने हे लिहून द्यायचं. आणि दिलं तर पोरीची फी निघते, घर चालतं. नाही दिलं तर? तिकडे यादी तर बंद झालीच होती. बस गेली ती गेलीच. मग हुतात्मा कशासाठी व्हायचं, असं ते स्वतःला सांगत होते आणि ते त्यांना पटत नव्हतं.

दुपारी चारला इल्दिकोबाईंची मेल आली. सोबत एक फोटो. काल सकाळी त्यांनी कार्यालयात साइट उघडली होती, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपला रकाना रिकामा दिसला होता. त्यांनी पडद्याचा फोटो काढला, खालच्या ओळीसकट, खांबेट्यांच्या नावासकट. दोन तासांनी आकडा परत आला तेव्हा तो फोटो घेऊन त्यांनी निधीच्या अपील कार्यालयाकडे दाद मागितली होती. अपील दाखल झालं होतं. फक्त त्यांना तुमच्या कंपनीतला एक माणूस हवाय, मेलमध्ये लिहिलं होतं, जो स्वतःच्या नावाने लेखी सांगेल की हा आकडा कधी मोजलाच नव्हता. आज संध्याकाळपर्यंत. तुमचं नाव देऊ का? नाही म्हणालात तरी मी समजून घेईन. इथे सगळेच नाही म्हणतात, आम्हाला सवय आहे.

खांबेट्यांनी मेल अरुणाबाईंना वाचून दाखवली. त्या मोदकाचं ताट घेऊन उभ्या होत्या.

“नाव दिलं की पत्र गेलं,” ते म्हणाले. “उद्या चुकून दाबलं म्हणून सही करायची आणि आज मुद्दाम केलं म्हणून लिहायचं, दोन्ही जमणार नाही.”

“ते दिसतंच आहे.”

“गार्गीचं वर्ष आहे. उद्याची मीटिंग होऊ दे, अंदाज घेतो. बाईंना कळवतो, दोन दिवस थांबा म्हणून. एवढे गणपती...”

आणि त्यांचा आवाज तिथेच थांबला. पुढचा शब्द जिभेवर होता. तो गिळताना बासष्ट वर्षांच्या माणसाचं तोंड कसं झालं, ते अरुणाबाईंनी पाहिलं. त्यांनी ताट देवापुढे ठेवलं, पदराला हात पुसले आणि नवऱ्याच्या खिशातलं लाल पेन काढून घेतलं.

“लिहा,” त्या शेजारी खुर्ची ओढून म्हणाल्या. “मी तपासते.”

खांबेट्यांनी लॅपटॉप उघडला. लिहिलं: हो, माझं नाव द्या. हा आकडा कुणीही मोजलेला नाही. तो मी भरला होता आणि मीच मान्य केला होता. मंगळवारी तो मी जाणूनबुजून काढला. पद्माकर खांबेटे.

अरुणाबाईंनी चष्मा लावला. एकेक शब्दावर लाल पेनाचं टोक फिरवत त्यांनी सगळं दोनदा वाचलं. खांबेटे परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तसे बसून होते.

“तारीख राहिली,” त्या म्हणाल्या.

त्यांनी तारीख घातली. मग मेल पाठवली.